तवापुरते आबा

आबांना काहीही विचारा, सरळ हो किंवा नाही मिळायचं नाही. एसटी गेली का, असं विचारलं की ते म्हणायचे, "म्या निघालो तवा हुबी हुती." भाजीत मीठ बरोबर आहे का, तर "म्या चाखलं तवा बराबर हुतं." शेजारची म्हातारी अंथरुणाला खिळली होती. आबा तिला भेटून बाहेर आले तेव्हा धुणं वाळत घालणाऱ्या तिच्या सुनेने विचारलं, कशा आहेत सासूबाई? आबा म्हणाले, म्या उठलो तवा बोलत हुती. सून चिडली. म्हणजे तुम्ही उठल्यावर मेली की काय, असं तिने विचारलं. ते तू जाऊन बघ, म्हणाले आबा. सून धुणं टाकून आत पळाली. म्हातारी भाकरी कुस्करत बसली होती. त्या दिवसापासून वस्तीतली पोरं त्यांना 'तवापुरते आबा' म्हणू लागली आणि हळूहळू सगळं गावच म्हणू लागलं. आबांना राग नव्हता. नाव बेतशीर आहे, एवढंच ते म्हणाले.

आबा माझे थोरले चुलते. रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर जाणार त्याप्रमाणे रूळ फिरवायचे. निवृत्त झाल्यावर ते आणि थोरली आई दौंड सोडून भीमेच्या काठी आमच्या मूळ गावी आले आणि वस्तीच्या टोकाला गवताच्या छपराचं दोन खणांचं घर बांधून राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. डी.एड. होऊन माझी पहिली नेमणूक त्याच गावच्या शाळेत झाली. मला जागा शोधावी लागली नाही आणि त्यांना बोलायला माणूस मिळालं. दोन्ही बाजूंची सोय झाली.

त्यांच्या बोलण्याच्या सवयीमागे रेल्वेतली एक गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली. कुठल्या स्टेशनातली, ते सांगितलं नाही. त्यांच्या एका सोबत्याने रूळ मोकळा आहे असं पाहिलं, वळला आणि रूळ ओलांडायला थांबलेल्या माणसाला ओरडून सांगितलं, मोकळा आहे. त्याने पाहिलं होतं ते खरं होतं. "पर बघणं आन् बोलणं, ह्याच्या मधी येक डबा घरंगळत आला," आबा म्हणाले. रूळ ओलांडणाऱ्या माणसाचं काय झालं ते मी विचारलं नाही. आबांनी उजवा हात गुडघ्यावर दोनदा घासला, त्यावरून समजायचं ते समजले.

पेपर वाचतानाही तसंच. थोरल्या आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ते मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी "असं छापलंय" हे स्वतःचं जोडायचे. मंत्री अमुक म्हणाले, असं छापलंय. अमक्या ठिकाणी धरण होणार, असं छापलंय. रविवारी विहारात पंचशील म्हणताना सगळ्यांचा आवाज एका चालीत जायचा, पण खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की आबा मागे पडायचे. ते शब्द सावकाश, एकेक तपासून घेतल्यासारखे म्हणायचे आणि बाकीचे पाचव्यापाशी त्यांची वाट बघत थांबायचे.

मी तेव्हा नवी शिक्षिका होते आणि मला सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं हवं असायचं. एकदा मी त्यांना म्हटलं, काही गोष्टी तरी कायमच्या खऱ्या असतात ना? दोन आणि दोन चार. ते हसले. "चारच. त्याला कोण न्हाई म्हणतंय? पर हितं दोन हायती आन् तितं दोन हायती, हे कुणी मोजलं आन् कवा मोजलं, ते इचारत जा." मला ते तेव्हा शब्दांचा खेळ वाटला होता.

आता नदीकडे यायला हवं, कारण पुढचं सगळं नदीमुळे झालं. भीमेच्या या काठाला आमचं गाव, दौंड तालुका. पलीकडच्या काठाला शिरूर तालुका. नदी एका जागी थांबत नाही. दुष्काळात ती पार आटली, नंतरच्या पुरात तिने वाट बदलली आणि पूर्वी पलीकडे असलेली गाळाची मोठी पट्टी आमच्या काठाला येऊन चिकटली. अशा जमिनीला आमच्याकडे मळई म्हणतात. काळीभोर, लोण्यासारखी माती. ती मळई एकाच घराण्यातल्या दोन भाऊबंदांच्या वादात सापडली. आमच्या काठचे अण्णा, हे सरपंच. पलीकडचे तात्या. नदी हीच शीव, त्यामुळे मळई आता माझी, असं अण्णांचं म्हणणं. शीव नदीची नाही, जुन्या दगडाची, आणि तो दगड अण्णांच्या काठाला लागून होता, म्हणून मळई माझी, असं तात्यांचं म्हणणं. दगड कधीचाच नाहीसा झालेला. शिरूरचं कार्यालय म्हणे दौंडला जा, दौंडचं म्हणे शिरूरला. दोन्हीकडची पोरं कुऱ्हाडी घेऊन मळईत उतरायला लागली तेव्हा दोन्ही गावच्या जाणत्यांनी जुना मार्ग काढला. शीव चालायची.

हा मार्ग असा. वादातल्या मातीचं ओलं ढेकूळ डोक्यावर घेऊन, शपथ घालून, आमच्या वस्तीतल्या जुन्या वतनदार, म्हणजे पिढीजात गावकीची कामं करणाऱ्या घरातल्या माणसाने शीव चालून दाखवायची. तो जिथून चालेल ती शीव. पण लगेच नाही. पुढच्या अमावास्येपर्यंत थांबायचं. तेवढ्यात त्याच्या घरातलं माणूस किंवा जनावर दगावलं तर तो खोटं चालला. सगळं शाबूत राहिलं तर खरं. धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी वतनाची सगळी कामं सोडली, त्यात हेही सुटलं होतं. पण जुना दगड डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस आता जिवंत होतं. आबांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, हीच शीव एकदा चालून दाखवली होती आणि लहानगे आबा त्यांच्या मागे होते.

अण्णा स्वतः घरी आले. दारातच खाटेवर बसले, थोरल्या आईने दिलेला चहा प्यायले. आबा, तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, तुमच्या शब्दाला दोन्ही काठ मान देतील, असं गोड बोलले. मग नदीकडे बघत म्हणाले, "तुम्ही या गावचं माणूस. नदी कुठं हाय ते आंधळ्यालाबी दिसतंय. तेवढंच चालायचं. काय अवघड हाय?"

आबा म्हणाले, नदी दिसतेय, दगड दिसत नाही.

अण्णांनी कप खाली ठेवला. "बाई शाळेतनं नदीकडच्या वाटंनंच येत्यात नव्हं? येकट्याच असत्यात."

ते माझ्याकडे बघून हसले आणि गेले. त्यात धमकी होती असं कुणाला सिद्ध करता आलं नसतं. मी दुसऱ्या दिवसापासून लांबच्या वाटेने, मुलींच्या घोळक्याबरोबर यायला लागले.

वस्तीतल्या तरुणांची बैठक झाली. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, जायचं नाही. जे सोडलं ते सोडलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की डोक्यावर माती मी घेणार नाही, शपथही घेणार नाही. शपथेवर खरं बोलायचं म्हंजी बाकीच्या येळंला खोटं बोलायची मुभा झाली. पण मी जे पाहिलंय ते कुणी विचारलं तर गप्प बसायचं, हेही मला जमणार नाही. नाहीतर उद्या मळईत मुडदे पडतील. दोन्ही गावांसमोर सांगेन आणि परत येईन.

त्या संध्याकाळी त्यांनी मला आजोबांची हकिगत सांगितली. आजोबा दगडाच्या रेषेने बरोबर चालले होते. त्या वेळी हरणारे होते अण्णांचे आजोबा. अमावास्येच्या आत आमच्या घरचा बैल मेला. आजोबा खोटे ठरले, दगड उपटला गेला आणि घराला गाव सोडून दौंडला जावं लागलं. म्हणून तर आबा रेल्वेत लागले.

मी विचारलं, बैलाला विष घातलं होतं ना?

"बैल म्हातारा हुता. मेला तवा त्वांडाला फेस हुता. एवढंच म्या बघितलं."

आबा, पण सरळ दिसतंय!

"तुला दिसतंय. म्या न्हाई बघितलं कुणाला घालताना." मग म्हणाले, "ह्या चालण्यात येक खोड हाय, पोरी. खरं काय ते माणसानं चालून ठरत न्हाई, जनावरानं जगून ठरतं. मग जो हरंल त्याला फकस्त येक जनावर मारायचं बाकी ऱ्हातं."

आमच्या दारात तेव्हा एक करडी शेळी बांधलेली होती.

ठरल्या दिवशी सकाळी दोन्ही गावं मळईत उतरली. कुणीतरी मातीचं ढेकूळ पितळी परातीत तयार ठेवलं होतं. आबांनी ते हाताने बाजूला सारलं. पांढरं धोतर, रेल्वेचा जुना काळा कोट, हातात काठी. ते आमच्या काठाच्या अगदी जवळ, एका उंबराच्या बुंध्यापासून थोडं पुढे जाऊन थांबले आणि काठी टेकली.

"माझा बाप चालला तवा दगड हितं हुता आन् नदी त्याला लागून वाहत हुती. पुढं दगड कुणी हलवला, कुठं ठेवला, म्या न्हाई बघितलं. आज हितं दगडबी न्हाई आन् नदीबी न्हाई. शीव कुठं हुती ते सांगितलं. शीव कुठं हाय ते तुमचं तुम्ही ठरवा."

अण्णा पुढे आले. असं नाही चालणार, एक सांगा, मळई कुणाची?

"ते म्या कसं सांगू? मळई तवा नव्हतीच."

गर्दीत हसू फुटलं. तात्यांच्या लोकांना मात्र पुढचं काही ऐकायचं नव्हतं. आबांनी दगड दाखवला, असा गलका झाला आणि काठी टेकली होती तिथे त्यांच्या पोरांनी पहार ठोकली. आबा हात वर करून काहीतरी सांगत होते. ते कुणी ऐकलं नाही. अण्णा ओरडले नाहीत, भांडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बरं. अमावस्येपतोर बघू."

मी सगळ्यांना सांगत सुटले की माती घेतली नाही, शपथ घेतली नाही, मग अमावास्या कसली? माझं म्हणणं कुणाला पटत नव्हतं असं नाही. पण दोन्ही गावांच्या मनात शीव चालली गेली होती. त्यामुळे रोज सकाळी कुणी ना कुणी आमच्या दारावरून जायचं आणि आधी शेळीकडे बघायचं. दूधवाला बघायचा. देवळाकडे निघालेल्या बायका बघायच्या. शेळी शिंकली तरी गावभर बातमी जायची. थोरल्या आईने तिला घरात घेतलं, चुलीजवळ बांधलं. मग लोक दारात थांबून आत डोकावू लागले. वाईट कुणी बोलायचं नाही. "बरी हाय ना शेळी?" असं मायेनं विचारायचे. ते गेले की मी दाराला आतून कडी घालायचे.

एके दुपारी अण्णांच्या गड्याने शेंगदाण्याच्या पेंडीची पिशवी आणून दिली. अण्णांनी शेळीसाठी पाठवलीय म्हणाला. ताजी, खमंग पेंड. आबांनी ती हुंगली, मागच्या बाजूला खड्डा खणला आणि पिशवीसकट पुरली.

थोरल्या आईने विचारलं, इख होतं काय हो?

"तसं म्या म्हणत न्हाई." आबा खड्ड्यावर माती दाबत होते. "पर शेळीला चाखायलाबी सांगणार न्हाई."

त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या दाराच्या कडीत कुणीतरी माझ्या हातातल्यासारखीच काळी बांगडी फोडून अडकवली होती. मी ती काढली, केरात टाकली आणि वर्ग भरवला. पण घरी आल्यावर आबांना सांगितलं, कारण त्यांच्यापासून पाहिलेलं लपवणं मला जमलं नसतं. त्यांनी कुणी अडकवली ते विचारलं नाही. सामान बांधा, एवढंच म्हणाले.

मी त्यांच्याशी भांडले. आता गेलो तर पळाले म्हणतील, आजोबांसारखंच खोटं ठरवतील. आयुष्यभर एक शब्द वावगा बोलला नाहीत आणि आता गावात खोटारडे म्हणून नाव राहील. आबा ट्रंकेवर बसून कोटाची बटणं लावत होते.

"म्या काय बघितलं ते म्या जानतो. ते खरं ऱ्हायला म्या हितं मरायची गरज न्हाई. खोटा ठरंन. पर तुम्ही दोघी जित्त्या असाल, आन् ही करडीबी."

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत आम्ही निघालो. बैलगाडीत ट्रंक, थोरली आई, शेळी. आबा गाडीच्या मागे चालत होते. पारावरच्या लोकांनी मान वळवली. वरवंडला एसटीच्या कंडक्टरने शेळी घ्यायला कुरकुर केली, तेव्हा आबांनी तिला मांडीवर घेतलं. दौंडला माझ्या वडिलांच्या घरी आम्ही राहिलो. मी बदलीचा अर्ज दिला आणि तो आश्चर्य वाटावं इतक्या लवकर मंजूर झाला.

अमावास्येनंतर गावचा एक माणूस बाजाराला आला तो सांगत आला की अमावास्येच्या आदल्या रात्री तुमचं घर जळालं. छप्पर, खाट, सगळं. अण्णांची माणसं म्हणतात, घर जळालं म्हणजे आबा खोटं चालले. तात्यांची माणसं म्हणतात, माणूस-जनावर शाबूत आहे, म्हणजे खरं चालले. थोरली आई रडायला लागली. आबांनी त्याला विचारलं, तू जळताना बघितलंस का? तो म्हणाला, नाही, सकाळी राख बघितली. आबांनी मान हलवली आणि शेळीला पाणी पाजायला उठले.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा त्यांना दम्याने धरलं. तोवर अण्णा खचले होते, सरपंचपद गेलं होतं आणि मळई तात्यांच्या मुलांनी पिकवायला घेतली होती. आबांनी मला एकदा गावी जाऊन काय आहे ते बघून यायला सांगितलं. मी गेले. त्यांनी काठी टेकली होती तिथे नवा दगड उभा होता. त्याला शेंदूर लावलेला, पुढे नारळाच्या करवंट्या. तिथे गवत कापणाऱ्या बाईने मला सांगितलं की हा शिवेचा बाबा. एक सत्यवान म्हातारा डोक्यावर पेटतं ढेकूळ घेऊन इथून चालत गेला, आणि त्याच्याशी वैर धरणाऱ्याचं वाटोळं झालं.

मी परत येऊन आबांना जसंच्या तसं सांगितलं. ते उशांना टेकून ऐकत होते.

"पेटतं ढेकूळ?"

हो म्हटलं.

"आन् तू काय म्हणालीस?"

मी म्हणाले, मी स्वतः तिथे होते, डोक्यावर काही नव्हतं. त्यावर ती बाई म्हणाली, तुमच्या ध्यानात नसंल, बाई.

मला वाटलं आबा हसतील. ते हसले नाहीत. त्यांना इतकं घाबरलेलं मी अण्णा दारात बसले होते तेव्हाही पाहिलं नव्हतं. श्वास लागत होता, तरी त्यांनी वाक्य पूर्ण केलं. "जे बघितलं ते माणूस मेल्यावर जातं. ज्ये कुणीच बघितलं न्हाई, त्येच कायमचं खरं ऱ्हातं. त्याला पुसायचं कुणी?" मग माझा हात धरून म्हणाले, तू सांगत ऱ्हा. कुणी ऐकू दे, न ऐकू दे.

त्याच आठवड्यात ते गेले.

मी सांगत राहिले. अजूनही दरवर्षी जाते. लोक आदराने बसवतात, चहा देतात, माझं ऐकून घेतात आणि मी उठल्यावर दगडाला नारळ फोडतात. आता मी मुख्याध्यापिका आहे, कामांचा क्रम लावून जगते आणि त्या क्रमात ही फेरी कधी चुकवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिकडचे दोघेजण दौंडला माझ्या घरी आले. शर्ट-पँटमधली शिकलेली पोरं. बोलायला फार नम्र. नदीने वरच्या अंगाला पुन्हा वाट बदललीय म्हणाले. दोन गावांत तेढ आहे, कोर्टात वर्षं जातील. शिवेच्या बाबाच्या घरातलं माणूस चाललं तर कुणी शब्द मोडणार नाही. मी त्यांना आबांची हकिगत पहिल्यापासून सांगितली. माती नव्हती, शपथ नव्हती, आणि मळई कुणाची हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. दोघांनी भक्तिभावाने ऐकलं. मी स्पष्ट म्हटलं की आमच्या घरातलं कुणीही येणार नाही. ठीक आहे बाई, विचार करा, म्हणत ते उठले.

निघताना त्यातला धाकटा अंगणात थांबला. दोरीवर माझ्या नातवाची झबली वाळत होती. त्यांच्याकडे बघत त्याने अगदी आपुलकीने विचारलं, "बाई, घरी कोण कोण असतं तुमच्या?"